शाब्दिक उदाहरणांचं वर्कबुक, चार महिने वापरून झाल्यावर

चार महिने जवळजवळ रोज वापरलंय हे वर्कबुक, शेवटची काही पानं सोडली तर सगळं करून झालं, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. घ्यावं का असं कोणी विचारलं तर मी घ्या म्हणेन, पण मुलांच्या हातात द्यायच्या आधी कव्हरच्या आतल्या बाजूला जो तक्ता छापलाय तो कात्रीने कापून टाका. का ते पुढे लिहिते, जरा मोठं होईल पण वाचा.

माझी मुलगी चौथीत आहे. पाढे पाठ आहेत, हातच्याची बेरीज वजाबाकी येते, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितलं तर बाकीसकट बरोबर भागते. पण शाब्दिक उदाहरण आलं, आणि त्यातही दोन-तीन क्रिया एकामागोमाग करायच्या असल्या, की ती नीट वाचतच नाही, नुसती आकड्यांवरून नजर फिरवते आणि मान वर करून विचारते, "आई, गुणायचं की भागायचं?" आणि मी काय करत होते, तर उत्तर देत होते. "गुण गं." ती गुणायची. "आता?" "आता वजा कर." उदाहरण सुटायचं, वहीत बरोबरची खूण यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. म्हणजे विचार करायचं काम सगळं माझ्याकडे होतं आणि तिच्याकडे फक्त आकडेमोड. हे माझ्या लक्षात यायला हे पुस्तक घरात यावं लागलं.

पहिल्याच आठवड्यातलं उदाहरण सांगते. एका पेटीत २४ पेन्सिली, अशा ६ पेट्या. त्यातल्या १८ पेन्सिली तुटक्या निघाल्या, उरलेल्या ९ मुलांना सारख्या वाटल्या, तर प्रत्येकाला किती मिळाल्या? तिने २४ गुणिले ६ केलं, १४४. लगेच १४४ ला ९ ने भागलं, १६. मग राहिले १८, त्यांचं काहीतरी करायला हवं, तुटल्या म्हणजे वजाबाकी, पण १६ मधून १८ जात नाहीत, म्हणून तिने उलटं केलं, १८ वजा १६, उत्तर २. आणि खाली दोन रेघा मारून लिहिलं, प्रत्येकाला २ पेन्सिली मिळाल्या. एकही आकडेमोड चुकलेली नाही बघा, गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, वजाबाकीसुद्धा बरोबर. पण तुटक्या पेन्सिली कधी बाजूला काढल्या, वाटायच्या आधी की नंतर, हे तिच्या डोळ्यासमोर आलंच नव्हतं. सहा पेट्या भरून पेन्सिली आणि नऊ मुलांना जेमतेम दोन-दोन, हे खटकायला हवं ना, पण खटकलं नाही कारण तिच्यासाठी तिथे पेन्सिली नव्हत्याच, नुसते आकडे होते.

या पुस्तकात प्रत्येक उदाहरणाखाली चार चौकटी आहेत. काय दिलंय, काय विचारलंय, आधी काय शोधावं लागेल, आणि शेवटी उत्तर जुळतं का. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली उदाहरण सोडवायचे चार टप्पे मांडले होते, समजून घ्या, बेत ठरवा, तो पार पाडा, मग मागे वळून बघा, त्याच वळणाचं आहे हे. पहिल्या दोन चौकटी बऱ्याच पुस्तकांत असतात. पैसे वसूल होतात ते तिसऱ्या चौकटीत.

कारण दोन-तीन पायऱ्यांच्या उदाहरणात छापलेला प्रश्न हा शेवटचा असतो. मधला प्रश्न छापलेलाच नसतो, तो मुलाने स्वतःच स्वतःला विचारायचा असतो, आणि मुलं अडतात ती नेमकी तिथे. आम्ही आता असं बोलतो. प्रत्येकाला किती मिळाल्या हे आत्ता लगेच सांगता येईल का? नाही. काय कळलं की सांगता येईल? चांगल्या पेन्सिली किती ते कळलं की. ते माहितेय का? नाही. मग त्याच्यासाठी काय कळायला हवं? एकूण किती होत्या ते. ते काढता येईल? हो! आणि मग ती एकूण काढते, १४४, त्यातून तुटक्या काढते, १२६, आणि ९ ने भागते, १४. शेवटाकडून सुरुवातीकडे विचार करत यायचं आणि मग सुरुवातीकडून सोडवत जायचं. पुस्तकात सुरुवातीच्या उदाहरणांमधे हा मधला प्रश्न छापूनच दिलाय, पुढे अर्धा छापलाय म्हणजे वाक्य सुरू करून सोडलंय, आणि त्याच्यापुढे चौकट पूर्ण रिकामी. हा आधार हळूहळू काढत नेलाय तो फार विचार करून, मुलीला कुठे एकदम उघड्यावर पडल्यासारखं झालं नाही.

आता तो तक्ता. "कोणता शब्द आला की कोणती क्रिया" असा रंगीत तक्ता आहे. एकूण, मिळून म्हणजे बेरीज. उरले, शिल्लक, फरक म्हणजे वजाबाकी. पट म्हणजे गुणाकार. प्रत्येकी म्हणजे भागाकार. दिसायला इतका सोयीचा आहे की मी पहिल्या दिवशी तोच पाठ करून घेतला, आणि पुढचे पंधरा दिवस ते पुसण्यात गेले. ताईकडे ३५ मणी आहेत, ते छोटीपेक्षा ८ ने जास्त आहेत, तर दोघींचे मिळून किती? "जास्त" दिसलं की मुलीने ३५ अधिक ८ केलं, छोटीकडे ४३, मिळून ७८. अहो पण जास्त ताईकडे आहेत ना, मग छोटीकडे २७, मिळून ६२. शब्द 'जास्त' आणि क्रिया वजाबाकीची. मोठ्या टाकीत ९६ लिटर पाणी, ते छोट्या टाकीच्या तिप्पट आहे, छोटीत किती? 'पट' आलं म्हणून गुणलं की २८८ लिटर, आणि छोटी टाकी मोठीपेक्षा मोठी! इथे भागायचं आहे, ३२. आणि आपल्या भाषेतला 'प्रत्येकी' तर दोन्हीकडे चालतो. "प्रत्येकी १२ पानांच्या ५ वह्या" इथे गुणाकार आणि "६० पानं ५ जणांना वाटली, प्रत्येकी किती" इथे भागाकार. एका शब्दावरून क्रिया ठरत नाही, सगळं वाक्य समजावं लागतं. ज्या पुस्तकाची तिसरी चौकट इतकी चांगली आहे त्याच पुस्तकाने हा तक्ता का छापावा मला खरंच कळलं नाही, दोन वेगवेगळ्या लोकांनी केलंय असं वाटतं. एका पायरीच्या सोप्या उदाहरणात हा तक्ता चालून जातो म्हणून मुलांचा त्याच्यावर विश्वास बसतो, आणि पायऱ्या वाढल्या की तो दगा देतो.

याच्या अगदी उलट टोकाला एक धडा आहे तो मला सगळ्यात जास्त आवडला. त्यातल्या उदाहरणांत आकडेच नाहीत. "एका बसमधे काही मुलं होती, पहिल्या थांब्यावर काही उतरली, जितकी उतरली त्याच्या दुप्पट दुसऱ्या थांब्यावर चढली." बस, एवढंच. आणि खाली विचारलंय, आता बसमधे आधीपेक्षा मुलं जास्त आहेत की कमी? मुलीने आधी पेन्सिल हातात घेतली, मग लक्षात आलं की करायला आकडेच नाहीत, मग पेन्सिल ठेवली आणि वाचलं. दोनदा वाचलं. आणि म्हणाली, "जास्त, कारण जेवढी गेली तेवढी परत आली आणि आणखी तेवढीच आली." मी गप्पच बसले, इतकं छान सांगितलं तिने. तेव्हापासून मी बाकीच्या धड्यांमधेही आकड्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, ती गोष्ट आधी वाचते, पुस्तक मिटून मला आपल्या शब्दात सांगते, मग चिठ्ठ्या काढायच्या. वेळ लागतो, पण तो वेळ पुढे वाचतो.

पट्ट्यांच्या चित्रांचा धडापण आहे, म्हणजे संख्येच्या जागी लांब चौकोनी पट्टी काढायची. सिंगापूरच्या शाळांमधे १९८० च्या दशकात ही पद्धत आणली गेली आणि आता बऱ्याच देशांत वापरतात. इथे तुलनेची उदाहरणं एकदम उघडी होतात. दोन भावांकडे मिळून ८४ गोट्या, मोठ्याकडे धाकट्याच्या तिप्पट, तर प्रत्येकाकडे किती? पट्टी नसेल तर तिप्पट म्हणून ८४ भागिले ३, असं दहातली आठ मुलं करतील असं मला वाटतं, माझ्या मुलीने तर केलंच. पट्टी काढली की धाकट्याचा एक तुकडा, त्याच्याखाली मोठ्याचे तसेच तीन, एकूण तुकडे चार! ८४ भागिले ४, २१, आणि मोठ्याचे ६३. तिने बोटाने तुकडे मोजले आणि स्वतःच भागिले ३ खोडलं, मला काही बोलावं लागलं नाही. फक्त एक, पुस्तकात पट्ट्या सगळ्या आधीच काढून दिल्यात, मुलांनी स्वतः काढायला जागा अगदी थोडी आहे. आम्ही चौकटीच्या कोऱ्या वहीत काढतो, पट्ट्या एकाखाली एक आणि डावीकडे एकाच रेषेत सुरू झाल्या पाहिजेत, नाहीतर कोण मोठं कोण छोटं ते दिसत नाही.

एक पान आहे "माहिती पुरेशी आहे का?" असं. त्यात काही उदाहरणांत नको असलेले आकडे घुसवलेत आणि काहींत हवी ती माहितीच नाही. यावरून जुनी गोष्ट आठवली, फ्रान्समधे ग्रेनोबलला १९८० च्या सुमारास लहान मुलांना विचारलं होतं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी त्या आकड्यांचं काहीतरी करून वय सांगितलं. मी हेच मुलीला विचारलं. "३६," ती म्हणाली, पटकन, खात्रीने. मी म्हटलं, कसं गं? तर म्हणाली, "मग दुसरं काय करणार, दोनच आकडे आहेत." या उत्तरात सगळं आलं. उदाहरण म्हणजे दिलेले सगळे आकडे वापरून संपवायचे, हा नियम कोणी शिकवला नव्हता तरी ती शिकली होती. आता त्या पानानंतर ती निदान थांबते, आणि "हे कळत नाहीये यातून" असं लिहायची परवानगी आहे हे तिला माहितेय.

भागाकारात उरणाऱ्या बाकीवरचा धडा छोटाच आहे पण चांगला आहे. २५० सेंटिमीटर रिबन, ३० सेंटिमीटरचे तुकडे, किती होतील? ८, उरलेले १० सेंटिमीटर सोडून द्यायचे. पण २५० मुलं आणि एका बसमधे ३०, तर बस ९ लागतील, उरलेल्या १० मुलांना मागे नाही ठेवायचं. भागाकार तोच, ८ आणि बाकी १०, उत्तरं दोन. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशभराच्या एका परीक्षेत १३ वर्षांच्या मुलांना असंच विचारलं होतं, ११२८ सैनिक, एका बसमधे ३६, किती बस लागतील, आणि बरोबर ३२ लिहिणारी मुलं चौथा हिस्साही नव्हती, त्याहून जास्त मुलांनी "३१ बाकी १२" असं लिहिलं. बस ३१ बाकी १२ कशी असेल! चौथी चौकट, उत्तर जुळतं का, ती याच्यासाठीच आहे, पण घाईत तीच सोडली जाते.

शेवटच्या भागात सगळ्या पायऱ्या एका ओळीत लिहायला लावल्यात, ते मला आधी उगाच वाटलं होतं. पेन्सिलींचं मुलीने लिहिलं, २४ × ६ − १८ ÷ ९. कंचेभागुबेव, म्हणजे कंस, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी यांत आधी काय करायचं तो नियम, तर पाठ आहे, मी म्हटलं आता त्या नियमाने सोडव. १४४ वजा २, १४२. एका मुलाला १४२ पेन्सिली? मग शोधाशोध, आणि तिलाच सापडलं की वजाबाकी आधी व्हायला हवी म्हणून कंस लागेल, (२४ × ६ − १८) ÷ ९. कंस कशाला असतो हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं, इतके दिवस तो नुसता नियम होता. आणखी एक सवय इथेच मोडली, ती २४ × ६ = १४४ − १८ = १२६ ÷ ९ = १४ असं साखळीसारखं लिहायची. उत्तर बरोबर येतं म्हणून कोणी टोकत नाही, पण २४ गुणिले ६ हे काही १२६ भागिले ९ च्या बरोबर नाही ना. पायरी बदलली की नवीन ओळ, आणि ओळीशेजारी ते उत्तर कशाचं आहे ते दोन शब्दात, "एकूण पेन्सिली", "चांगल्या पेन्सिली". हे शब्द लिहायला लागल्यापासून तिच्या चुका खरंच कमी झाल्या, आकडा कशाचा आहे ते माहीत असलं की त्याचं पुढे काय करायचं ते सुचतं.

आता तक्रारी. कागद पातळ आहे, दोनदा खोडलं की फाटतो, आणि अशा पुस्तकात तर खोडाखोड होणारच. एका धड्यात सगळी उदाहरणं एकाच साच्याची आहेत, आधी गुणा मग वजा करा, त्यामुळे तिसऱ्या उदाहरणापासून मुलं वाचणं सोडून साचा वापरतात, मिसळलेली उदाहरणं अगदी शेवटी आहेत. आम्ही पानांची झेरॉक्स काढून उदाहरणांच्या चिठ्ठ्या केल्या, डब्यात घातल्या, रोज दोन उचलायच्या. दोनच. आधी मी दहा करायला लावायचे, दहा केली की सगळी उरकली जातात, दोन केली की बोलायला वेळ मिळतो, वीस-पंचवीस मिनिटं जातात तेवढ्यातच. आणि हो, पाढे कच्चे असतील तर हे पुस्तक थोडं थांबूनच घ्या, आठ सात किती हे आठवण्यात डोकं अडकलं की मधला प्रश्न विचारायला जागाच राहत नाही.

सगळ्यात मोठी तक्रार उत्तरसूचीची. फक्त शेवटचं उत्तर दिलंय, मधल्या पायऱ्या नाहीत, म्हणजे चुकलं तर कुठे चुकलं ते पालकांनी शोधायचं, आणि सगळ्या घरात ते शक्य नसतं. आणि छपाईच्या चुका आहेत. १८४ पानांचं पुस्तक, पहिले ३ दिवस रोज २८ पानं वाचली, चौथ्या दिवशी ३५, उरलेली ५ दिवसांत सारखी वाचायची, रोज किती? मुलीचं आलं १३. उत्तरसूचीत ३१. तिने खोडलं, पुन्हा केलं, पुन्हा १३. पुन्हा खोडलं. मी स्वयंपाकघरातून आले तर कागद फाटलेला आणि डोळ्यात पाणी, "मला येतच नाही गणित." बरोबर उत्तर तीनदा खोडलं होतं तिने. प्रकाशकांना मनापासून विनंती आहे, लहान मुलांच्या पुस्तकाची उत्तरं दोन जणांकडून सोडवून घ्या हो, छापलेलं खोटं असू शकतं हे नऊ वर्षांच्या मुलीला माहीत नसतं.

त्या दिवशी तिला जवळ घेऊन म्हटलं, चल, तुझे १३ गोष्टीत परत घालून बघू. २८ त्रिक ८४, अधिक ३५, ११९. रोज १३ प्रमाणे ५ दिवस, ६५. मिळून १८४. पुस्तक संपलं! मग ३१ घालून बघितलं, ५ दिवसांची १५५ पानं, ११९ मधे मिळवली तर २७४, एवढं जाड पुस्तकच नाही. तिने उत्तरसूचीतला ३१ पेन्सिलीने खोडला आणि शेजारी १३ लिहिलं.

मागच्या आठवड्यात मी दुसऱ्या खोलीत होते आणि ती आली, पुस्तक उघडं धरून. "आई, इथे पण चुकलंय त्यांचं, मी घालून बघितलं." मी सोडवून पाहिलं. खरंच चुकलं होतं त्यांचं.